दहागावच्या नाल्याकाठचे वावर

पुसदहून उमरखेडकडे निघाले की टेकड्या मागे पडतात, काळ्या रानाचा पट्टा सुरू होतो आणि उमरखेड जवळ आल्यावर दहागावचा नाला लागतो. 28 सप्टेंबर 2021 रोजी याच नाल्याच्या पुलावरून एसटीची नांदेड-नागपूर बस वाहून गेली. बातमीत तो नुसता नाल्याचा पूर होता. त्या पाण्याचा माग मात्र समुद्रापर्यंत जातो. 26 सप्टेंबरच्या संध्याकाळी गुलाब चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आदळले. तेलंगणातून ते विदर्भ-मराठवाड्यावर सरकले तोवर वारा ओसरला होता, पाणी शिल्लक होते. पुढे तेच अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ झाले आणि ओमानला धडकले. निसर्ग वादळाने झोपवलेल्या कोकणातल्या पोफळीच्या बागा पाहून वादळ येऊन गेल्याचे कोणालाही कळते. यवतमाळ जिल्ह्यात ते नाव हरवून येते आणि सरकारदप्तरी ‘अतिवृष्टी’ होते: महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस. वादळात एखाद्या घराण्याची इस्टेट कशी बुडाली ते पाहायला इकडे येणारा म्हणूनच बहुधा चुकीच्या जागी पाहतो.

तो घर पाहतो. खचलेली मातीची भिंत, वाकलेली टिने, ओसरीत सुकायला टाकलेले धान्य यांचे फोटो चांगले येतात. घर पडणे लहान गोष्ट नव्हे, पण भिंत पुन्हा उचलता येते. भावकी येते, गवंडी मिळतो. इस्टेट खरी गेलेली असते ती नाल्याकाठच्या वावरात, आणि तिथे पहिल्या नजरेला काहीच मोडलेले दिसत नाही. धुऱ्याशी वाकून पाहावे लागते. पऱ्हाटी उभी असते, बोंडे काळी पडलेली, आणि बुडाशी वीतभर मुळे उघडी लोंबत असतात. ती जिथे लोंबतात तिथवर पूर्वी माती होती. खाली पिवळसर मुरूम आणि चुनखडीचे खडे लागतात. सोयाबीन गेले तर एक हंगाम जातो. मुरूम वर आला की त्या वावरातला पुढचा प्रत्येक हंगाम उणा होतो. इंचभर माती तयार व्हायला शतके लागतात, हे इथे आठवावे.

हे नुकसान मोजता येत नाही म्हणून मोजले जात नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला या भागाचा इतिहास दाखवावा. 1853च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि पैनगंगा ही हद्द ठरली. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मोगलाई. इंग्रजांना हवा होता कापूस आणि त्याच्या जमिनीवरचा सारा. त्यासाठी विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी मुंबई इलाख्यात बसवलेली मोजणी व प्रतबंदीची पद्धत 1860च्या दशकात वऱ्हाडात आली. तिच्यात मातीचा रंग आणि पोत तर पाहतच, शिवाय खोली हातांत मोजत आणि त्यावरून जमिनीची प्रत आण्यांत ठरवत. म्हणजे सारा वसूल करायचा होता तेव्हा माती किती खोल आहे हे सरकारला नेमके कळत होते. मदत द्यायची वेळ आली तेव्हा ते मोजमाप दप्तरातच राहिले. 2021 साली लागू असलेल्या आपत्ती निकषांत शेतावर तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी 12,200 रुपये होते. दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून जमीनच गेली तर 37,500. वर आलेल्या थराला इंचांचे माप आहे. खालून गेलेल्या थराला नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र आरएवढाही फरक न पडता तसेच राहते, कारण क्षेत्र आडवे मोजतात आणि माती उभी जाते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते फुसके नाहीत. एक असा की, एकाची माती गेली ती दुसऱ्याकडे बसली. पैनगंगेकाठची कसदार राने पुरांनीच घडवली. खरे आहे, पण हा हिशेब नदीचा झाला, दोन एकरवाल्या कुटुंबाचा नव्हे. त्यातली कितीतरी माती धरणांच्या पोटात बसते ती वेगळीच. दुसरा आक्षेप शेतकऱ्यावरच येतो: उताराला नांगरट आणि नाल्यापर्यंत रेटलेला धुरा. यात तथ्य आहे. तरी वरच्या वावरांचे पाणी अडले नसेल तर खालच्याने एकट्याने बांध घालून भागत नाही. तिसरा आक्षेप म्हणजे आता पैसा वाढला आहे. ऑक्टोबर 2025च्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रुपये रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंतची कामे राज्य सरकारने जाहीर केली. खरडलेली जमीन हे वेगळे नुकसान आहे हे त्यात मान्य झाले, ही मी मोठी गोष्ट मानतो. पण हिशेब अजून हेक्टरचाच आहे. चार बोटे माती गेलेला आणि मुरमापर्यंत धुतला गेलेला, दोघांना एकच दर लावणे हा न्याय नव्हे. एवढे मोजायला माणसे कुठून आणायची, हा प्रश्न उरतो. सगळा जिल्हा मोजायचाच नाही. फक्त नाल्या-ओढ्यांच्या काठचे पट्टे. दीडशे वर्षांपूर्वी हाताने झालेले काम आज होत नाही, हे पटत नाही.

तेव्हा पुढच्या पुरानंतर पंचनाम्याला माणूस आला की त्याला घराआधी वावरात न्या, पहारीने खड्डा करून मुरमावर किती बोटे माती उरली ते मोजून घ्या, आणि तो आकडा कागदावर आल्याशिवाय सही करू नका.