रहस्यकथेतल्या बायका

मैत्रिणींनो, दुपारी भांडी आवरली की रहस्यकथा उघडणाऱ्या तुमच्यात पुष्कळ असतील. मीही त्यातलीच! जळगावला माहेरी बाबूराव अर्नाळकरांचा ‘झुंजार’ आई डाळीच्या डब्यामागे लपवायची. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला. गुप्त टोळ्या, सांकेतिक खुणा, सगळं झकास. पण त्यातल्या बहुतेक बायकांचं काम काय, तर किंचाळायचं!

लग्न होऊन धुळ्याला आले, तेव्हा मामंजींनी चिमठाण्याची हकीकत सांगितली. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या माणसांनी लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात! जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी त्यात होते. आणि याच भूमिगत चळवळीत आपल्या अमळनेरकडच्या डांगरीच्या लीलाताई पाटील. १९४२ च्या लढ्यात त्यांना तुरुंगवास झाला. पुण्याच्या ससून रुग्णालयातून त्या निसटल्या नि थेट प्रतिसरकारात गेल्या. चांगली लग्न झालेली बाई हो! कादंबरीत असं लिहिलं असतं, तर आपणच म्हटलं असतं, ‘काहीतरीच बाई!’

मला मात्र वेगळंच कुतूहल. हे भूमिगत लोक रात्री-अपरात्री कुणाच्या तरी दारी जेवले असतील. त्या घरच्या बाईने शेजारणीला काय सांगितलं असेल? एवढ्या भाकरी कुणासाठी म्हणून?