महिरपी कंसाची जागा

परवां संध्याकाळीं परंड्यांतील आमच्या घरीं दोन विद्यार्थी भांडत आले. दोघांनीं मिळून सी भाषेंत एक प्रोग्राम लिहावयास घेतला होता, आणि वाद होता महिरपी कंसाच्या जागेविषयीं! उघडणारा कंस चालू ओळीच्या शेवटीं असावा, असें एकाचें मत. तो खालच्या ओळीवर एकटा असावा, असें दुसऱ्याचें. पहिल्यानें रात्रीं बसून दुसऱ्याचे सारे कंस वर ओढून घेतले. सकाळीं दुसऱ्यानें बोलणें सोडलें. “सर, आतां तुम्हीच सांगा,” एवढ्यावरच दोघांचें एकमत होतें.

यंत्राला ह्याचें कांहीं सोयरसुतक नाहीं. सी भाषेंत कंस वर ठेवा कीं खालीं, ओळी कितीही आंत सरकवा, अर्थ तोच. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या ग्रंथांत तर फंक्शनचा कंस खालच्या ओळीवर आणि अटीचा व आवर्तनाचा ओळीच्या शेवटीं आहे. म्हणजे दोन्ही पक्षांना एकाच पोथींत आधार! कंसाच्या जागेला फारसें महत्त्व नाहीं, रुचेल ती पद्धत धरा, पण धरलेली सोडूं नका, असेंच त्या ग्रंथकारांचें सांगणें आहे. पुढें १९९१ मध्यें आलेल्या पायथॉन भाषेनें ओळ आंत सरकविणें हेंच व्याकरणांत बसविलें; २००९ मध्यें प्रकट झालेल्या गो भाषेबरोबर तर सर्वांची मांडणी एकसारखी करून टाकणारें साधनच आलें. लेखकाची आवड तेथें कोणी विचारीत नाहीं.

मराठी वाचकानें ह्याला हंसूं नये. मोडी लिहिणारे आधीं शिरोरेघ ओढीत आणि तिच्याखालीं शब्द न तोडतां ओळ भरीत; बाळबोधाची संवय असलेल्यास तो गुंता वाटे, मोडीवाल्यास तीच सफाई वाटे. अनुस्वारांचा वाद तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम आले, १९७२ मध्यें त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली, आणि उच्चार न होणारीं टिंबें गेलीं. आम्हीं मात्र तीं सोडलीं नाहींत. आजोबांच्या देखरेखीखालीं गिरविलेला हात वळला नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं एक हुशार विद्यार्थी आमचीं मुद्रितें तपासून देत असे. एकदां त्यानें न विचारतां आमचीं सारीं टिंबें काढलीं. आम्ही त्याला चारचौघांत बोललों आणि टिंबें पुन्हां घातलीं. तो नंतर आमच्याकडे आला नाहीं. वाचक अडखळूं नये, एवढेंच त्यानें पाहिलें होतें. आम्ही आजोबांचें वळण सांभाळीत बसलों होतों.

म्हणून त्या दोघांना आम्हीं कंसाची जागा सांगितली नाहीं. इतकेंच म्हटलें कीं, काम दोघांचें असेल तर रीत दोघांनीं समोरासमोर बसून ठरवावी, एकानें रात्रींतून बदलूं नये. आणि तुमच्यामागें जो तें वाचील, त्याला त्यांत दोन हात दिसूं नयेत. चहा घेऊन दोघे एकाच गाडीवरून गेले. कंस कोठें ठरला, तें आम्हीं विचारलें नाहीं.

हा लेख मात्र छापण्यापूर्वीं त्या जुन्या विद्यार्थ्याकडे पाठवीत आहों. टिंबें ठेवावीं कीं काढावीं, तें त्यानें ठरवावें.