टोकियोला जाताना एक चिठ्ठी न्या

जपानला निघण्यापूर्वी आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मला इतक्या सूचना मिळाल्या, की त्यांची पुस्तिका छापता आली असती. भूकंप झाला तर टेबलाखाली बसा, चपला दारात काढा, हॉटेलात बक्षिशी देऊ नका. त्या साऱ्या खऱ्या निघाल्या. पण जी सूचना कुणीच केली नाही, तिच्यापायी मी सासूबाईंची अपराधी झाले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही दोघीच गेलो होतो. माझ्या नणंदेचा मुलगा टोकियोच्या पूर्वेला, निशी-कासाईत नोकरीनिमित्त राहतो. त्या एदोगावा विभागात भारतीयांची वस्ती मोठी. २०१९ साली तिथल्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले होते. शेजारच्या दुकानात तूरडाळ मिळते असे ऐकून सासूबाई निर्धास्त झाल्या.

मराठी शिकवून पोट भरणारी मी तिथे उतरताक्षणी निरक्षर झाले. भाच्याने तोड सांगितली, "मामी, अक्षरं सोड, आकडे धर." भुयारी गाडीच्या प्रत्येक स्टेशनाला एक रोमन अक्षर आणि एक आकडा असतो. निशी-कासाई म्हणजे टी-१६. तिथून टी-१० पर्यंत जावे, ते निहोम्बाशी. तिथे नारिंगी रंगाची गिन्झा लाइन धरावी आणि जी-१९ आले की उतरावे, ते असाकुसा. एवढ्यावर मी आठ दिवस निभावून नेले.

बाकीचे थोडक्यात सांगते. सुइका किंवा पास्मो कार्डात पैसे भरून ठेवावेत, म्हणजे दर खेपेला तिकिटासाठी अडून राहावे लागत नाही. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभे राहावे. (ओसाकात उजवीकडे, का, ते विचारू नये!) शिंजुकू स्टेशनला दोनशेहून अधिक दारे आहेत, तेव्हा "स्टेशनबाहेर भेटू" असे कुणाला सांगू नये, दाराचे नाव ठरवावे. पासपोर्ट सदैव जवळ बाळगावा, तसा कायदाच आहे. रस्त्यावर कचऱ्याच्या पेट्या जवळजवळ नाहीत. १९९५ साली भुयारी गाडीत विषारी वायू सोडला गेला, त्यानंतर पुष्कळशा काढून टाकल्या. केळ्याची साल पिशवीतून घरी आणायची हे सासूबाईंना फार पटले.

आता खाण्याचे. सासूबाई माळकरी. त्यांची तुळशीची माळ माझ्या लग्नाहूनही जुनी. भाचा दिवसभर कचेरीत, तेव्हा दुपारचे जेवण बाहेरच. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात उदोन पाहिले: जाड शेवयांसारखे, पातळ गरम रश्शात सोडलेले. मी फोनवर भाषांतर करून विचारले, "यात मांस आहे का?" दुकानदाराने अदबीने "नाही" म्हणून सांगितले. सासूबाईंनी वाडगा तोंडाला लावून रस्सा संपवला. "आपल्या कढणासारखं लागतं गं!" तीन दिवस आम्ही तिथेच जेवलो.

तिसऱ्या रात्री मी हे कौतुकाने सांगितले, तर भाचा गप्प. सासूबाई निजल्यावर म्हणाला, "मामी, त्यात दाशी असणार." दाशी म्हणजे रश्शाचे मूळ पाणी. बोनिटो नावाचा मासा धुरावर वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि त्याचा कीस पाण्यात उकळतात. समुद्री शेवाळाचीही दाशी असते, पण सर्रास चालते ती माशाची. उदोनात, मिसो सूपात, उकडलेल्या भाजीतसुद्धा. दुकानदार खोटे बोलला नव्हता. मी मांसाचे विचारले होते; तिकडे मासा मांसात धरीत नाहीत. आयुष्यभर शब्दांचे अर्थ शिकवले, आणि नेमका शब्द तेवढा चुकले.

भाच्याने एका कागदावर ठळक जपानीत लिहून दिले: मांस, मासे, अंडी आणि माशाची दाशी चालत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही असाकुसाला सेन्सोजीच्या देवळात गेलो. इ. स. ६२८ मध्ये दोघा कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली, अशी तिथली आख्यायिका. ती सांगताना "मासे" हा शब्द घशात अडकला. सासूबाई धुपाच्या मोठ्या पात्रापाशी इतरांसारखा धूर ओंजळीने आपल्या गुडघ्यांवर घेत होत्या. तिथेच मी सारे सांगून टाकले.

त्यांचे हात थांबले. "तुला कधी कळलं?"

"काल रात्री, आई."

"आणि सकाळी मी त्याच दुकानात जाऊ म्हटलं, तेव्हा ते बंद असतं म्हणालीस."

मी खाली पाहिले.

"अजाणता पोटात गेलं त्याचं पांडुरंग बघून घेईल. हे मात्र तू जाणूनबुजून केलंस." जरा थांबून त्यांनी हात पुढे केला. "ती चिठ्ठी इकडे दे."

त्या दिवशी तीन दुकानांत त्यांनी स्वतः ती दाखवली. दोघांनी वाकून नकार दिला. तिसऱ्याने पांढरा भात, तीळ आणि मीठ आणून ठेवले. परतीच्या आधी आम्ही शिंजुकूहून केइओ लाइनने ताकाओ डोंगरावर गेलो. तिथल्या याकुओ-इन देवळात शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध मठांतले जेवण मिळते. आगाऊ नोंदवावे लागते. मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. मी हे दहा वेळा सांगितले. तरी ताट येताच सासूबाईंनी बटव्यातून चिठ्ठी काढून वाढणाऱ्या बाईंपुढे धरली, आणि त्यांनी मान डोलावल्यावरच पहिला घास घेतला.

चिठ्ठी अजून त्यांच्याच बटव्यात आहे.