बर्फाची पोथी

आर्क्टिक प्रदेशाचें नांव मराठी वाचकांस नवें नाहीं. लोकमान्य टिळकांचा 'दि आर्क्टिक होम इन दि वेदाज' हा ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला, आणि तेव्हांपासून उत्तर ध्रुवाकडील तो हिममय मुलूख आपल्या घरांतील बोलण्यांत येऊन बसला. वेदांतील दीर्घ उषा, सहा महिन्यांचा दिवस व सहा महिन्यांची रात्र यांवरून आर्यांचें मूलस्थान ध्रुवप्रदेशीं असावें, हा त्यांचा सिद्धान्त. आजचे पंडित तो मान्य करीत नाहींत. परंतु संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या मनुष्यास त्या ग्रंथांतील एक गोष्ट नेहमींच विशेष वाटत आली आहे. ऋचांचा अर्थ लावण्यापूर्वीं टिळकांनीं भूगर्भशास्त्रज्ञांची साक्ष काढली. हिमयुग केव्हां संपलें, हा प्रश्न त्यांनीं आधीं विचारला. त्यांच्या हातीं असलेल्या गणनेप्रमाणें त्यास सुमारें १०,००० वर्षें झालीं होतीं; आज तो आंकडा ११,७०० वर्षें असा सांगतात. हा नवा आंकडा कोणत्याही शिलालेखावरून काढलेला नाहीं. तो ग्रीनलंडांतील बर्फाचे थर एकेक करून मोजून काढलेला आहे.

ग्रीनलंडच्या मध्यभागीं पडलेलें हिम सहसा वितळत नाहीं. यंदाच्या थरावर पुढील सालचा थर बसतो, त्यावर त्यापुढील सालचा. वरच्या भारानें खालचे थर दाबले जाऊन त्यांचा घट्ट बर्फ होतो. उन्हाळ्यांतील हिमाची जात निराळी, हिवाळ्यांतील निराळी. म्हणून जाणत्याला त्यांत एकेक वर्ष ओळखतां येतें. हस्तलिखित पोथीचीं पानें एकावर एक रचावीं, तशीच ही रचना. भेद इतकाच, कीं येथें पहिलें पान तळाशीं असतें.

मात्र ही पोथी घरीं बसून वाचतां येत नाहीं. खंडें सरकतात हा विचार १९१२ सालीं मांडणारे व हयातींत त्यापायीं उपहासच सोसणारे जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर १९३० सालीं ग्रीनलंडावर मोहीम घेऊन गेले. किनाऱ्यापासून सुमारें ४०० किलोमीटर आंत, ३,००० मीटर उंचीवर, 'आइसमिट्टे' म्हणजे 'हिममध्य' नांवाचें ठाणें स्थापन झालें. राहण्यासाठीं योजलेली खोली तेथवर पोंचूं शकली नाहीं. तेव्हां गेओर्गी व झोर्गे या दोघांनीं हिमांतच गुहा खोदून तींत मुक्काम केला. वेगेनर ३० ऑक्टोबर रोजीं तेथें पोंचले, तेव्हां थंडी शून्याखालीं ५० अंशांच्याहि पलीकडे गेली होती. सोबतच्या लोवे यांच्या पायांचीं बोटें गारठून निकामी झालीं होतीं. तीं पुढें खिशांतल्या चाकूनें कापावीं लागलीं. शिधा पांच जणांस पुरण्याजोगा नव्हता. म्हणून १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशीं, वेगेनर व त्यांचा ग्रीनलंडवासी सोबती रास्मुस विलुमसेन हे परत फिरले. पुढील मे महिन्यांत वेगेनरांचा देह हिमांत नीट पुरलेला सांपडला. विलुमसेननें तो पुरून पुढची वाट धरली होती. पण तो स्वतः व त्याच्याजवळील वेगेनरांची रोजनिशी यांचा पत्ता कधींच लागला नाहीं. गुहेंत राहिलेल्या झोर्गेंनीं मात्र त्याच मुक्कामांत सुमारें १५ मीटर खोल विहीर खणली आणि तिच्या भिंतींवरील थर तपासले. पुढील हिमवाचनास तेथून वळण लागलें.

ही हकीकत मीं एके रात्रीं जेवतांना मुद्दाम सांगितली. त्यास कारण होतें. माझी धाकटी कन्या भूगर्भशास्त्र शिकते, आणि तिला याच विद्येची ओढ लागली आहे. "स्थळें पाहावयाचीं सोडून ही बर्फांत कोठें निघाली!" हें तिच्या आईचें म्हणणें. धोका काय असतो तो मुलीस आधीं कळावा, एवढाच माझा हेतु. तिनें सर्व शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाली, "बाबा, थर मोजले कीं साल कळेल, पण त्या सालीं थंडी किती होती, तें कसें कळतें, सांगा बरें!" मला सांगतां आलें नाहीं, तेव्हां तिनेंच सांगितलें.

पाण्यांतील प्राणवायूचे अणु सारखे नसतात. कांहीं हलके, कांहीं किंचित् जड. ढगांतून जड पाणी आधीं गळतें. हवा जितकी अधिक थंड, तितकें ध्रुवाकडे पोंचणाऱ्या हिमांत जड पाण्याचें प्रमाण कमी. डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनीं १९५२ सालीं कोपनहेगन येथें बिअरच्या रिकाम्या बाटलीवर नरसाळें बसवून पावसाचें पाणी जमविलें आणि या अभ्यासास प्रारंभ केला. बाटली कशाचीहि असो, आंत आकाशाचें पाणी होतें! जुन्या बर्फांतील पाण्यावरून जुनी थंडी कळेल, हें त्यांस सुचलें. १९६६ सालीं वायव्य ग्रीनलंडांत 'कँप सेंच्युरी' या अमेरिकन लष्करी तळावर १,३८७ मीटर खोल छिद्र पाडून तळापर्यंतचा बर्फ वर काढला गेला, व डान्सगार्ड यांनीं त्यांत एक लाख वर्षांचें हवामान वाचून दाखविलें.

त्या बर्फाखालची थोडी मातीहि वर आली होती. ती बरण्यांत भरून ठेवलेली, अनेक वर्षें विसरलेली. कोपनहेगनच्या शीतगृहांत ती पुन्हां हातीं लागली, तेव्हां तिच्यांत काटक्या व पानांचे अवशेष निघाले. ही माती सुमारें चार लाख वर्षांपूर्वीं उघड्या आकाशाखालीं होती, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. जेथें आज मैलभर जाडीचा बर्फ आहे, तेथें एके काळीं हिरवळ होती. म्हणजे तो बर्फ अढळ नव्हे.

आपल्या देशाचाहि या अभ्यासाशीं संबंध आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाविषयींच्या १९२० च्या करारावर हिंदुस्थानातर्फेंहि सही झालेली आहे. त्या द्वीपांवर, ७९ अंश उत्तर अक्षांशाजवळ, न्यु-ओलेसुन या वसाहतींत भारताचें 'हिमाद्रि' हें संशोधनगृह २००८ पासून आहे. त्याची व्यवस्था गोव्यांतील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र पाहतें. २०२३ च्या डिसेंबरांत पहिलें भारतीय हिवाळी पथक तिकडे रवाना झालें. ज्या दीर्घ रात्रीची लोकमान्यांनीं ऋचांवरून कल्पना केली, तिच्यांत आतां आपलीं माणसें उपकरणें घेऊन काम करितात.

त्याच स्वालबार्डवर 'होल्टेडाल्फोन्ना' नांवाचें हिमक्षेत्र आहे. तेथून २०१२ सालीं काढलेल्या बर्फांत वर्षावर्षाची खूण स्पष्ट होती. २०१९ सालीं काढलेल्या बर्फाच्या वरच्या भागांत ती जवळजवळ पुसली गेलेली आढळली. आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून सर्व जगाच्या मानानें सुमारें चौपट वेगानें तापत आहे. उन्हाळ्यांत वितळलेलें पाणी थरांतून खालीं झिरपतें, व एका सालचें लिखाण दुसऱ्या सालांत मिसळतें. २०२३ सालीं तेथील बर्फ काढून अंटार्क्टिकांत जतन करावा म्हणून शास्त्रज्ञ गेले, तों छिद्रांत अनपेक्षितपणें पाणीच लागलें.

हें ऐकून मला आमच्या घरची एक पोथी आठवली. आजोबांच्या हातची होती. एका पावसाळ्यांत कौलांतून पाणी गळून ती भिजली. पानें फाटलीं नाहींत. शाई मात्र एका पानावरून दुसऱ्यावर उतरली, व दोन्हीं पानें असून नसल्यासारखीं झालीं. जेवढीं अक्षरें लागलीं, तेवढीं मीं दोन सुट्या खर्चून उतरून काढलीं. पण त्या ग्रंथाच्या प्रती इतरत्र होत्या. राहिलेला भाग दुसरीकडून मिळाला. होल्टेडाल्फोन्नाची दुसरी प्रत कोठेंच नाहीं. तिचा लेखक पुन्हां तीं वर्षें लिहिणार नाहीं.

तिच्या आईची काळजी निराधार नाहीं, हें मीं मुलीस स्पष्ट सांगितलें. वेगेनर धैर्यांत कमी पडले नाहींत. सामान वेळेवर पोंचलें नाहीं, म्हणून प्राण गेला. तेव्हां शिधा, सोबत व परतीची वाट यांची तजवीज केल्याखेरीज पाऊल उचलूं नकोस, एवढी अट मीं घातली. तिनें ती मान्य केली. स्थळें आणखी दोन वर्षांनींहि पाहतां येतील. भिजत चाललेल्या पोथीस तेवढा अवकाश नाहीं. आणि ती वाचूं शकणारें मनुष्य आपल्या घरांत असतां त्यास दारांत अडवून धरणें, हें विद्येवर पोट भरलेल्या माझ्यासारख्यास तरी शोभणार नाहीं.