पालीचे रुमाल

राजगडाच्या पश्चिमेस, ज्या वाटेने रुंद पायऱ्या चढत माणूस पाली दरवाजाशी पोहोचतो त्या वाटेच्या पायथ्याच्या पाली गावात माझा एक मित्र आयुष्याची अखेरची वर्षे राहिला, आणि त्याने लिहून ठेवलेल्या कागदांपैकी काहींचे पुस्तक करण्याचे काम माझ्याकडे आले. त्याचे नाव मी येथेही देत नाही. पुस्तकावर नाव नको, छायाचित्र नको, आणि लेखकाची ओळख करून देणारी प्रस्तावना तर मुळीच नको, या अटींवरच त्याने कागद माझ्या स्वाधीन केले होते. आणि अट घालणारा माणूस गेला म्हणजे अटही गेली असे मानणारे जे पुष्कळ सज्जन मला भेटले, त्यांच्याशी माझे कधी जमले नाही.

भोर संस्थानच्या दप्तरात आम्ही दोघे एकाच सुमारास उमेदवार म्हणून लागलो. 1948 साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, दप्तराची वाटणी झाली, कारकुनांची पांगापांग झाली. मी पुण्यास येऊन छापखान्याच्या धंद्यात शिरलो आणि तो पालीस जाऊन राहिला. का, हे त्याने सांगितले नाही व मी विचारले नाही. सरसगडाखालची बल्लाळेश्वराची पाली हीसुद्धा पूर्वी भोर संस्थानातलीच असल्यामुळे माझी पत्रे पुष्कळदा तिकडे फिरून येत, आणि या विलंबाचा त्याला मनापासून आनंद होई, कारण उत्तर देण्याची निकड तेवढ्यात मावळलेली असे.

लोक त्याला विक्षिप्त म्हणत, आणि बाह्यतः तो तसा होताही. माध्यान्हीपूर्वी तो कोणाशी बोलत नसे, दार उघडीत नसे, आणि दिवसा गडावर कधीही न जाता चांदण्या रात्री एकटाच चढून पहाटे परत येई. परंतु याच माणसाच्या खिडकीशी दुपारनंतर गावातली माणसे अर्ज, कैफियती, वारसाच्या नोंदी लिहून घेण्यासाठी उभी असत, आणि तो खिडकीतूनच ऐकून, खिडकीतूनच कागद देऊन, मोबदला म्हणून एक पैसाही घेत नसे. सुगीनंतर कोणी ना कोणी आंबेमोहोराचे मापभर तांदूळ उंबऱ्याशी ठेवून जाई. मनुष्यद्वेष्ट्याच्या उंबऱ्याशी कोणी तांदूळ ठेवीत नाही.

रद्द झालेल्या जुन्या सरकारी नमुन्यांच्या कोऱ्या पाठीवर, शिरोरेषा आधी आखून घेऊन, बोरूने आणि मोडीत तो लिही, व महिन्यामहिन्याचे कागद दप्तरातल्या रीतीने रुमालात बांधून ठेवी. मला पहिल्याने वाटले होते की इतिहासाचे काही टिपण असावे. रुमाल सोडला तेव्हा निघाले ते निराळेच: राब भाजल्यावर राख मुठीत दाबून, ती बोटांतून कशी गळते ते पाहून धूळवाफेची पेरणी आज की उद्या हे ठरविणारी एक म्हातारी, आवणीच्या ओळीत इरली वाऱ्याने एकाच अंगाला कलतात तेव्हा बायकांच्या गाण्याचा सूर कसा बदलतो, कानंदीचे पाणी कोणत्या दगडाला लागले म्हणजे वाजेघरकडची वाट बंद झाली असे समजतात. गडावर पंचवीसेक वर्षे शिवछत्रपतींची राजधानी नांदली त्याविषयी त्या रुमालांत जवळजवळ एक अक्षर नाही. गडाच्या सावलीत भात कसे पिकते त्याविषयी मात्र इतके सूक्ष्म आणि इतक्या ममतेने लिहिलेले मराठी गद्य मी अन्यत्र वाचलेले नाही, आणि हे मी मित्रप्रेमाने नव्हे तर जन्मभर मुद्रिते वाचलेल्या डोळ्यांनी सांगतो.

आता मोडीचा मजकूर छापायचा म्हणजे काय करावे लागते, ते ज्याने केले नाही त्याला कळणे अवघड आहे. खिळे बालबोधाचे, म्हणून आधी लिप्यंतर. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळीत नाहीत, शब्दाशब्दांत जागा सोडीत नाहीत, आणि विरामचिन्हे तर नसतातच; तेव्हा शब्द कोठे तुटतो आणि वाक्य कोठे थांबते याचा प्रत्येक निर्णय प्रकाशकाच्या माथी. ऱ्हस्व-दीर्घापुरता मी 1962 सालच्या महामंडळाच्या नियमांचा आधार घेतला. आणि अनुच्चारित अनुस्वार त्याच्या हस्ताक्षरात नव्हतेच, म्हणून जुन्या वळणाच्या वाचकांची नाराजी पत्करूनही ते घातले नाहीत. पण विरामाचे काय? मुद्रिते पाहण्यास त्याने साफ नकार दिला. आपले लिहिलेले छापील अक्षरांत पाहिले तर पुन्हा लिहिता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते, आणि त्यात मला नाटक दिसले नाही.

“पाहू नकोस, पण ऐकशील?” मी विचारले.

“दार लावलेले राहील,” तो म्हणाला.

म्हणून मी ओटीवर बसून वाचीत असे आणि तो दाराआड ऐके. माझा विराम चुकला की आतून फळीवर बोटाच्या पेराचा एक ठोका पडे. वाक्य संपले असता मी पुढे धावलो तर दोन. अर्धविराम आणि पूर्णविराम आमच्यात असे ठरले, एकही शब्द न बोलता. कित्येक ठिकाणी तीन-तीन क्रियापदे ओलांडून त्याचे वाक्य चालूच असे, आणि मी जिथे थांबण्याचा मोह धरी तिथे ठोका पडल्यावर ध्यानात येई की आवणीची ओळ खाचराच्या बांधापर्यंत पोहोचल्याखेरीज ते वाक्य थांबणारच नव्हते.

केशवसुतांची कविता पुस्तकरूपाने आली ती कवीच्या मृत्यूनंतर दशकभराने, हरि नारायण आपट्यांच्या हातून. आणि केशवसुतांचे छायाचित्र उपलब्ध नाही म्हणून त्यांची एकही ओळ उणी झालेली नाही. नावाविषयी मजकडे तगादा लावणाऱ्यांना मी हेच सांगत आलो. आपला लेखाधिकाराचा कायदासुद्धा निनावी ग्रंथाला ग्रंथ मानतो. त्याची मुदत कर्त्याच्या मृत्यूपासून न मोजता प्रकाशनापासून मोजावी, एवढाच फरक करतो. कायद्यास जे चालते ते रसिकांस का चालू नये?

त्याच्या पश्चात उरलेले रुमालही त्याच अटींवर मजकडे आले आहेत, व दुसऱ्या भागाची जुळणी सध्या सुरू आहे. हा मजकूर त्याने ऐकलेला नाही. तेव्हा शब्द सोडवून द्यावेत, परिच्छेद त्याच्या कागदाप्रमाणे ठेवावेत, आणि विरामचिन्ह एकही घालू नये, असे मी कंपोझिटरला लिहून दिले आहे. त्याने दोनदा निरोप पाठविला की वाचक गोंधळतील. मी कळविले की वाचकांनी मोठ्याने वाचावे, आणि पहिला फर्मा तसाच यंत्रावर चढवावा.