सर्व्हर पडल्यानंतर

11 नोव्हेंबर 2008 रोजी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील मॅककोलो या होस्टिंग कंपनीची इंटरनेट जोडणी तिच्या पुरवठादारांनी तोडली, आणि जगभरातील स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांनी जमवलेले पुरावे पुरवठादारांपुढे ठेवले होते. खटला नव्हता, अटकही नव्हती. त्या दिवसाचा आलेख स्पॅमविरोधी कामातली माणसे आजही अभिमानाने दाखवतात. उभी कोसळणारी ती रेषा पाहण्याचा मोह या धंद्यात फार मोठा आहे, आणि पुढच्या कित्येक मोहिमा त्या मोहापोटीही आखल्या गेल्या, हे मान्य करायला हवे.

पण मॅककोलोतल्या सर्व्हरवरून हुकूम घेणारे स्रिझबी हे बॉटनेट, म्हणजे मालकाला नकळत बाधित झालेल्या संगणकांचे जाळे, मेले नव्हते. मूळ सर्व्हर सापडला नाही तर दर काही दिवसांनी नवी डोमेन नावे स्वतःच तयार करून तिथे मालकाला शोधायचे, अशी सोय त्यात होती. संगणक सुरक्षेतल्या फायरआय कंपनीने ती पद्धत उलगडली आणि नावे आधीच विकत घेऊन ठेवली. हा खर्च कायमचा पेलणारे कोणी पुढे आले नाही. खरेदी थांबताच पुढची नावे स्रिझबीच्या मालकांनी घेतली, आणि नोव्हेंबर संपण्याआधीच लाखो संगणक पुन्हा त्यांच्या हुकमतीत गेले.

इतर बॉटनेटविरुद्धच्या नंतरच्या मोहिमा अधिक तयारीच्या होत्या. मार्च 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने न्यायालयाचा आदेश मिळवून अमेरिकेतील अनेक शहरांतून रस्टॉकचे सर्व्हर जप्त करवले. त्याच्या ताब्यात सुमारे दहा लाख संगणक होते. जुलै 2012 मध्ये ग्रमचे सर्व्हर नेदरलँड्स, पनामा आणि रशियात बंद झाले. मधल्या काळात मालकांनी युक्रेनमध्ये नवे उभे केले, तेही पाडले गेले. ग्रमकडे पर्यायी वाट नव्हती, म्हणून ते काम टिकले. मार्च 2020 मध्ये नेकर्सची पुढच्या 25 महिन्यांत तयार होणारी साठ लाखांहून अधिक डोमेन नावे आधीच काढून रोखण्यात आली. स्रिझबीत जे पैशाअभावी राहिले, ते इथे न्यायालयाच्या बळावर साधले.

सर्व्हर पडला तरी बाधित संगणक तसाच राहतो, ही अडचण मात्र यातल्या एकाही मोहिमेने सोडवली नाही. शेतकरी हरळी वरून कापत नाही. काशा वेचून काढतो, कारण जमिनीत राहिलेली एक काशीही पुन्हा फुटते. बॉटनेटच्या काशा घराघरांत असतात आणि त्या वेचायला कोणालाच मजुरी मिळत नाही. बॉटनेटची डोमेन आपल्याकडे वळवून घेणारा सर्व्हर, म्हणजे सिंकहोल, चालवणाऱ्याला लाखो आयपी पत्ते दिसतात, पण पत्त्यामागचा माणूस दिसत नाही. तो शोधू शकतो फक्त इंटरनेट सेवा देणारा.

2012 च्या पहिल्या तिमाहीत सोफोस कंपनीच्या मोजणीत स्पॅम पुढे पाठवणाऱ्या देशांत भारत पहिला आला, जगातील 9.3 टक्के स्पॅम इथल्या संगणकांवरून निघत होता. पाठवणारे इथले होते असे नव्हे. स्वस्त ब्रॉडबँड, नकली विंडोज आणि परवान्याच्या तपासणीच्या भीतीने बंद ठेवलेले अपडेट, एवढे पुरेसे होते. चेन्नईत नुंगंबाक्कम हाय रोडवर आयकर भवन आहे, चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेचे दक्षिण विभागाचे कार्यालयही आहे. अशा वस्तीतले करसल्लागाराचे छोटे कार्यालय डोळ्यांपुढे आणावे: दोन-तीन संगणक, एक मोडेम, परताव्याचे आमिष दाखवणारी एखादी बनावट ईमेल, आणि जुलैची मुदत तोंडावर आल्याने यंत्र साफ करायला कोणालाही वेळ नाही. मोडेम बंद-चालू झाला की आयपी पत्ता बदलतो. काल काळ्या यादीत गेलेला पत्ता आज शेजारच्या ग्राहकाला मिळतो आणि त्याची निर्दोष पत्रे परत येऊ लागतात.

सिंकहोलची नोंद यूटीसीत असते, सेवादात्याची बहुधा भारतीय वेळेत. साडेपाच तासांचे हे अंतर विसरले की इशारा भलत्याच घरी जातो. एका आयपी पत्त्यामागे अनेक ग्राहक असतील तर वेळेबरोबर पोर्ट क्रमांकही लागतो, आणि तो नोंदलेला नसेल तर शोध तिथेच संपतो. या कामाचे यश अशा क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदींवर ठरते. पत्रकार परिषदांत मात्र त्यांचा उल्लेख नसतो. उलट कंपन्यांची चढाओढ तिथे दिसते. जून 2013 मध्ये सिटाडेल बॉटनेटविरुद्धच्या कारवाईत मायक्रोसॉफ्टने इतर संशोधकांनी आधीच सिंकहोलकडे वळवलेली डोमेनही ओढून घेतली, आणि त्यांचा बाधितांना कळवण्याचा चालू मार्ग तुटला. हे श्रेयापायी झालेले नुकसान होते.

स्पॅमविरोधी कामातले सुरेश रामसुब्रमण्यन यांनी 2005 मध्ये ओईसीडीसाठी विकसनशील देशांतील स्पॅमवर अहवाल लिहिला; पुढे आयटीयूच्या बॉटनेट निवारणाच्या मार्गदर्शिकेतही त्यांचा हात होता. सेवादाते, सरकार आणि ग्राहक यांनी एकत्र काम करावे, हा त्यातला आग्रह. भारतात त्याला सरकारी रूप 21 फेब्रुवारी 2017 रोजी आले: संगणक सुरक्षेची सरकारी यंत्रणा असलेल्या सर्ट-इनने सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. सेवादात्यामार्फत ग्राहकाला कळवायचे आणि साफसफाईचे साधन मोफत द्यायचे, ही त्याची रीत. ते साधन देणाऱ्यांत पुण्याची क्विक हील आहे. कैलास आणि संजय काटकर या भावांची ही कंपनी दुरुस्तीच्या दुकानातून वाढलेली. बिघडलेले यंत्र समोर घेऊन बसण्याची ती सवयच या कामाला हवी असते. दिशा योग्य आहे, पण साधन उतरवून घेणे ग्राहकाच्या इच्छेवर आहे आणि तिथेच गाडी अडते.

सक्तीने साफ करण्याचा प्रयोगही झाला. जानेवारी 2021 मध्ये युरोपीय आणि अमेरिकी यंत्रणांनी इमोटेट बॉटनेट ताब्यात घेतले आणि 25 एप्रिलला ते बाधित संगणकांवरून आपोआप पुसले गेले. मालकाला न विचारता त्याच्या यंत्रात हात घालणे योग्य का, हा प्रश्न रास्त आहे. तरी ती कारवाई बरोबर होती. नोव्हेंबरमध्ये इमोटेट परत आले ते ट्रिकबॉट या दुसऱ्या बॉटनेटने बाधित केलेल्या संगणकांवरून. ते संगणक कोणी साफ केले नव्हते.

साफसफाई झाली नाही तरी स्पॅम अडवता येतो. जपानमधील सेवादात्यांनी 2005 पासून घरगुती जोडणीवरून बाहेर जाणारे पोर्ट 25, म्हणजे ईमेल पाठवण्याची वाट, बंद करायला सुरुवात केली. बाधित संगणक बाधितच राहिला, पण त्याची पत्रे दाराबाहेर पडेनाशी झाली. गल्लीतल्या केबलवाल्यापासून मोठ्या कंपनीपर्यंत प्रत्येक सेवादात्याने हे पोर्ट बंद ठेवावे, नोंदीत अचूक वेळ आणि पोर्ट क्रमांक लिहावा, आणि तक्रारींच्या पेटीवर ती रोज उघडणारा एक माणूस नेमावा.