थ्रेड : पांढरी एकचा षड्ज आणि बाखचा फ्यूग

तळोद्याच्या एखाद्या भजनी मंडळातील पेटी आणि बाखच्या काळचा हार्पसिकॉर्ड यांचा नाद निराळा; पट्ट्यांची मांडणी मात्र एकच. सप्तकात सात पांढऱ्या, पाच काळ्या. म्हणूनच तीनशे वर्षांपूर्वीच्या फ्यूगची बांधणी पेटीवर बोट ठेवून तपासता येते.

सन १७२२. जर्मनीतील क्यॉटन येथे योहान सेबास्टियन बाखने ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’चा पहिला भाग सिद्ध केला. बाराही स्वरांना आळीपाळीने षड्ज मानून, मेजर व मायनर मिळून चोवीस रचनाजोड्या. प्रत्येकीत एक प्रेल्यूड, एक फ्यूग. त्यांतील दुसरा फ्यूग सी मायनरचा, म्हणजे पांढरी एकचा सा. अवघी एकतीस आवर्तने, तीन आवाज.

आरंभी मधला आवाज एकटाच येतो. सा नी सा, मग खालचा प, कोमल ध. दोन आवर्तनांचे हे वाक्य म्हणजे ‘विषय’. तो संपताच वरचा आवाज तेच वाक्य पंचमावरून म्हणतो, हे ‘उत्तर’.

खरी मेख येथे आहे. विषय जसाच्या तसा पंचमावर उचलला, तर प, तीव्र म, प, रे, कोमल ग असे स्वर येतील. बाखने रेच्या जागी सा ठेवला. विषयाने सावरून प गाठला होता; उत्तर पवरून सा गाठते. एका स्वराच्या या फेरफारामुळे मूळचा षड्ज कानातून निसटत नाही. षड्ज-पंचम संवादात मुरलेल्या मराठी कानाला ही युक्ती पाठ्यपुस्तकाआधीच उमजावी.

उत्तर चालू असताना मधला आवाज गप्प बसत नाही. तो उतरत्या धावत्या स्वरांची दुसरी ओळ, ‘प्रतिविषय’, गातो. तिसऱ्या आवर्तनात ही ओळ उत्तराच्या खाली असते. सातव्यात खालचा आवाज विषय घेऊन प्रवेशतो, तेव्हा तीच ओळ सर्वांत वर जाते. वर-खाली कोठेही बसेल अशी ओळ रचणे सोपे नव्हे. सा-प ही जोडी उलटली की प-सा होते, आणि खालच्या आवाजावरचे ते अंतर त्या काळी विसंवादी मानत. सा-ग उलटून ग-सा झाले, तरी गोडवा टिकतो. म्हणून प्रतिविषय अशा अंतरांवर विसावतो.

एका पेटीवर हे सारे वाजणे कठीण, कारण एक हात भात्यात गुंतलेला. तीन पेट्या, तीन वादक घ्यावेत. आवाजांचे स्वातंत्र्यही मग अधिक स्पष्ट होईल. मराठी संगीत रंगभूमीवरच्या पायाच्या ऑर्गनने वादकाचे दोन्ही हात मोकळे केले होते. तरी तो बहुधा गायकाच्या एकाच ओळीमागे चालला. उणीव वाद्यात नव्हती. गाण्याची गरजच वेगळी होती.

पुढे विषयाच्या पहिल्या तुकड्यातूनच मधले दुवे विणले जातात. अकराव्या आवर्तनात कोमल गलाच षड्ज मानून विषय मेजरमध्ये उजळतो, पुन्हा परततो. शेवटच्या तीन आवर्तनांत खर्जातला सा धरून ठेवलेला असतो, जणू उशिरा जुळलेला तानपुरा. त्यावर विषय अखेरचा येतो आणि थांबतो तो शुद्ध गवर.